घासायचं न्हाई, टिपायचं

ज्वारी पोटऱ्यात आली की माझे कान समूच्या नखांकडं लागतात. बाकीच्या बाया ह्या दिवसात आभाळाकडं बघतेत, ढग आले तर हरभऱ्यावर आळी पडंल म्हणून. माझं ध्यान घरात. पांघरुणाखालून कर्र कर्र आवाज आला की हातातली भाकर तव्यावर तशीच ऱ्हाती आन् मी पळते. समू म्हणजे माझी लेक, समृद्धी, साडेतीन वरसाची. थंडी पडली हे आदी तिच्या कातडीला कळतंय, मग आम्हाला. कोरडं वारं सुटलं की कोपराच्या लवणीत, गुडघ्याच्या मागं, मनगटावर पांढरे पापुद्रे धरतेत, मग ते लाल होतेत, मग खाज, मग नखं, मग सकाळी चादरीवर बारीक बारीक रक्ताचे ठिपके. ते ठिपके मी कुणाच्या आदी उठून धुवायची. कुणी बघू नये म्हणून. आता न्हाई लपवत. ते कसं झालं तेच लिहायला बसले.

मी आठवीपस्तोर शिकलेली. लिहिताना बी मला धाप लागती, कारण एक सांगायला जावं तर दुसरं आडवं येतंय. माझं माहेर हदगावकडचं, नांदेडच्या पार वरल्या अंगाला. सासर शिरूर अनंतपाळजवळ, लातूरकडं. दोन बसा बदलून यावं लागतंय. नवी नवी आले तवा मी बोलले की हितल्या पोरी हसायच्या. "वहिनी, काय करून राहिल्या?" माझ्यासारखंच बोलून दाखवायच्या. मी बी मग "काय करायलाव" म्हणायला शिकले. पण भ्याले की अजून माझ्या तोंडातून हदगावच निघतंय.

आन् भ्यायची सवय मला लई जुनी. कुत्र्याला भ्यायची, जोराच्या आवाजाला भ्यायची, सासूला तर भ्यायचीच. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांचा आवाज शेतातून घरापस्तोर येतंय. ह्या गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातानं न्हाऊन मोठी झाली. कुणाच्या घरी बाळंतीण आली की आत्याबाईला बोलावणं. पायावर लेकरू घ्यायचं, कढत पाणी, डाळीच्या पिठात हळद आन् तेल घालून त्याचा गोळा मळायचा, आन् तो गोळा अंगावरून असा फिरवायचा की लव बी निघती आन् मळ बी. लेकरू रडून रडून लाल होतंय, मग गाढ झोपतंय. आत्याबाई म्हणणार, "बघा, कसं हलकं झालं अंग."

समूला बी तसंच केलं. सवा महिना झाल्यावर बी केलं, वरीस झाल्यावर बी. तिच्या अंगावर पापुद्रे दिसले की आम्हाला वाटायचं मळ हाय, नीट निघाला न्हाई. जितके पापुद्रे, तितका गोळा. आत्याबाई थकल्या तर मी करायची. माझा हात त्यांच्यापेक्षा जोराचा. मला वाटायचं मी चांगली आई हाय.

आता येळवशीचं सांगते, कारण सगळं तिथंच झालं. येळवस म्हणजे वेळा अमावास्या. आमच्या हदगावकडं तिचं एवढं काय न्हाई, पण लातूरकडं त्या दिवशी गाव रिकामं. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतेत, आत दगडाचे पाच पांडव चुन्यानं रंगवून मांडतेत, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आन् आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण घालून आंबवलेली आंबील, मातीच्या बिंदग्यात. ते बिंदगं डोक्यावर घेऊन शेतापस्तोर जायचं, पूजा झाली की पिकाच्या कडंनं फिरत ती आंबील शिंपडायची, उरलेली सगळ्यांनी प्यायची, मग ज्याला बोलावलं न्हाई त्याला बी हात धरून जेवायला बसवायचं. पहिल्या वर्षी मी नुसती बघत बसले होते. हिरव्या ज्वारीत एवढी माणसं, आन् सगळी हसायलेली.

आमच्या घरात शिंपडायचा पहिला हात सगळ्यात लहान लेकराचा. आत्याबाई म्हणतेत, लहान हातानं शिंपडलं की पीक लहान मोठं बघत न्हाई, सगळंच येतंय. समूचे पप्पा लहान होते तवा त्यांनी शिंपडलेलं, त्यांच्या बहिणीनं शिंपडलेलं. गेल्या वर्षी समूची पाळी आली. अडीच वरसाची झालती.

येळवशीच्या आदल्या दिवशी म्या काय केलं? पावणेरावळे येणार, लेकराचं अंग खरखरीत दिसू नये, म्हणून गोळा मळला आन् दोन्ही हात, मनगटं, बोटांच्या मधी सुद्धा, खसाखसा घासलं. पापुद्रे सगळे निघाले. हात गुलाबी दिसायले. मी आत्याबाईला दाखवले, त्या म्हणल्या, "आता कशी दिसती!" मी फुगले.

दुसऱ्या दिवशी कोपीसमोर बिंदगं ठेवलं. समूचे पप्पा तिला म्हणले, "घाल बेटा हात." समूनं हात घातला. आन् किंकाळीच मारली. आंबील आंबट, आन् तिच्या बोटांना सगळीकडं बारीक चिरा. म्याच पाडलेल्या. ती हात झटकायली, आंबील सगळ्यांच्या अंगावर, आन् मला हात कुठं धरावा ते कळंना. शेजारच्या शेतातल्या काशीमावशी जेवायला आलत्या. वाईट बाई न्हाई, पण तोंडाला दार न्हाई. त्या वाकून बघायल्या आन् म्हणल्या, "अगं माय, लेकराच्या हाताला काय की झालंय. खरूज हाय का गजकर्ण? आता ही आंबील प्यायची कशी?"

बायांनी हातातले गिलास हळूच खाली ठेवले. आत्याबाईनं बिंदगं उचललं आन् बांधाच्या कडंला नेऊन रिकामं केलं. पांढरी आंबील काळ्या मातीत जिरताना म्या बघितली. त्या दिवशी समूच्या हातानं काय शिंपडलं न्हाई. ह्यांनी बाभळीच्या डहाळीनं दुसऱ्या बिंदग्यातलं शिंपडलं, उरकून टाकल्यासारखं.

मग काशीमावशीच संध्याकाळी एक ट्यूब घेऊन आल्या, अर्धी दाबलेली. "आमच्या थोरल्याला नायट्याला दिलती, चुटकीत गेला बघ." म्या घेतली. लावणार होते. पण ट्यूबवरलं बारीक अक्षर वाचायला बसले, अर्धं कळंना, आन् मला वाटलं, जे मला वाचता येईना ते मी लेकराला कसं लावू? तेवढी एक भीती माझी कामाला आली. म्या ह्यांना म्हणलं, "लातूरला चला." आयुष्यात पहिल्यांदा कुठं जायचं ते म्या ठरवलं.

लातूरला कातडीच्या डॉक्टरीणबाई. बारीक चणीच्या, चष्मा, हळू बोलणाऱ्या. मी खुर्चीवर टेकायच्या आदीच सुरू झाले, थंडीचं सांगितलं, खाजेचं सांगितलं, आंबिलीचं सांगितलं, काशीमावशीचं सांगितलं, लागट हाय का, कोड हाय का, लगीन कसं व्हईल हिचं, सगळं एका दमात. त्यांनी समूचा हात धरलेला तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, "बाई, आधी श्वास घे."

मला काय तो घेता आला न्हाई.

मग त्यांनी विचारलं, "अंघोळ कशी घालता?"

मला वाटलं, चला, हे तर मला येतंय. म्या छाती काढून सांगितलं, "रोज घालते. कढत पाण्यानं. पिठाच्या गोळ्यानं खसाखसा घासून. एक पापुद्रा ठेवत न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवला. रागावल्या न्हाईत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणल्या, "तो मळ नाही गं. ती तिचीच कातडी आहे. तू रोज तिचीच कातडी काढतेस."

समूचे पप्पा भिंतीकडं बघायले. मी समूच्या केसात तोंड घातलं.

मग त्यांनी सांगितलं आन् म्या ऐकलं, असं ऐकलं की शाळेत कधी ऐकलं न्हाई. ह्याला इसब म्हणतेत. लागट न्हाई, कुणाच्या हाताचं खाल्लं प्यालं तर होत न्हाई. कुणाची नजर न्हाई, कुणाचं पाप न्हाई. काही लेकरांची कातडी पाणी धरून ठेवत न्हाई, फुटक्या माठासारखं पाझरून जातंय, म्हणून आपण वरून लिंपायचं. पाणी कोमट, थोडा वेळ, घासायचं काहीच न्हाई. अंग पुसायचं न्हाई, टिपायचं. आन् ओलसर असतानाच पांढरं मलम, बिनवासाचं, भरपूर, दिवसातून जितक्यांदा कोरडं दिसंल तितक्यांदा. लालेलाल झालेल्या जागी वेगळी ट्यूब, ती बी त्या सांगतील तेवढेच दिवस, दुसऱ्याची ट्यूब कधीच न्हाई. पाणी यायलं, पू दिसला, ताप आला तर घरी बसायचं न्हाई, यायचं. "पूर्ण जाईल का?" म्या विचारलं. म्हणल्या, "मोठी होईल तसं बहुतेकदा कमी होतं. पण येत जात राहील. तू घाबरलीस तरी चालेल, सोडू नकोस."

घाबरलीस तरी चालेल. असं मला आजवर कुणी म्हणलं न्हाई.

घरी आल्यावर लई अवघड. डॉक्टरला हाव म्हणणं सोपं, आत्याबाईला न्हाई म्हणणं कसं? पहिल्या दिवशी म्या हंड्यातल्या पाण्यात कोपर बुडवून बघितलं, चटका लागंना एवढं कोमट केलं, समूला पाटावर बसवलं, चार तांबे घातले, उचलली, जुन्या मऊ फडक्यानं टिपली. आत्याबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांच्या हातात पिठाचा गोळा, मळून तयार.

"झाली अंघोळ?"

"हाव आत्याबाई."

"असं न्हाऊ घालतेत व्हय? लेकराला नुसतं पाणी दाखवून आणलीस."

म्या म्हणलं, "आत्याबाई, घासून नका राहू आता तिला. डॉक्टरीणबाई म्हणल्या ती कातडी हाय." बघा, भ्याले की हदगाव. हातातला गोळा आत्याबाईनं म्हशीच्या टोपल्यात टाकला. पण दोन महिने माझ्याशी समूच्या अंघोळीच्या वेळी बोलल्या न्हाईत. एक शब्द न्हाई. मी तेवढा वेळ मनात मोजत मलम लावायची, ओलं सुकायच्या आत, मान, कोपर, मनगट, बोटं, गुडघे, आन् समू म्हणायची, "आई, गार गार."

मामा, म्हणजे माझे सासरे, ते घरात बोलतच न्हाईत फारसं. माझ्या आईनं हदगावहून लोकरीचं स्वेटर विणून धाडलेलं, समूला ते घातलं की मानेला लाल रेघ उठायची. म्या आईला वाईट वाटंल म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. एक दिवस खाटेवर मामांचं जुनं धोतर, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं, घडी घालून ठेवलेलं. मामा दाराबाहेर पाठमोरे. म्हणले, "मला एक बस होतंय. लेकराला आतून शिवा कायतरी." म्या हातानं शिवलं, वाकडंतिकडं. समू आता आज्याचं धोतर आतून आन् हदगावच्या आज्जीचं स्वेटर वरून घालून फिरती.

आन् मला वाटलं जिंकले. मग सोयाबीनच्या राशी आल्या. मळणीयंत्राचा भुसा उडाला की सगळं गावच खाजवतंय, पाटील बी खाजवतंय, त्यात लेकराचं काय. समू पळत बापाकडं गेली, भुशात लोळली, आन् तिसऱ्या दिवशी सगळं परत. मान, कोपर, लाल. मी न्हाणीत बसून रडले. वर्षभराची मेहनत गेली असं वाटलं. आत्याबाई म्हणल्या, "झालं तुझं डॉक्टर?" म्या डोळे पुसले, पाणी कोमट केलं, परत पहिल्या तांब्यापासून. सांगितलेले दिवस ट्यूब, बाकी मलम. दिवाळीपस्तोर उतरलं. तवा मला कळलं की परत येणं म्हणजे हरणं न्हाई. त्याच्या येण्याला मी अजून भिते, पण आता माझ्या हाताला काम मालूम हाय.

त्याच राशीच्या दिवसात गिरणीवर एक बाई समूला बघून मागं सरली. आदी मी समूला पदराखाली घेतलं असतं. म्या तिथंच मोठ्यानं म्हणलं, "लागट न्हाई ते. इसब हाय. हात लावून बघा." आवाज थरथरला माझा. पण निघाला. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केलती नेमकी, सगळ्यांना ऐकू गेला.

एक गोष्ट माझ्या मनात फिरत ऱ्हाती. तूर काढायच्या दिवसात आमच्या सगळ्या बायांचे हात फाटतेत. आत्याबाईच्या टाचेच्या भेगांत रुपया उभा ऱ्हाईल. त्या भेगांत त्या मेणबत्तीचं मेण वितळवून घालतेत आन् परत शेतात. त्याला कुणी बिमारी म्हणलं न्हाई, त्याच हातानं केलेल्या भाकरी सगळे खातेत. आमच्या कातडीकडं कुणी बघितलंच न्हाई, आम्ही बी न्हाई. लेकराच्या हातामुळं मी माझे हात बघितले. मलम लावून उरलेलं बोटाचं मी आता माझ्या हाताला पुसते. आदी फडक्याला पुसायची.

आन् मग डब्याचं. थंडी सुरू झाल्यावर मलमाचा डबा लौकर सरायला लागला. मला वाटलं समू खेळती त्याच्याशी. एक दिवस झाकण काढलं तर मलमात बोटाचा खड्डा. माझ्या बोटापेक्षा जाड, आन् समूच्या तर चौपट. म्या झाकण लावलं. कुणाला बोलले न्हाई. त्या दिवसापासून दोन डबे आणायला सांगितले, एक समूच्या फळीवर, एक आत्याबाईच्या उशाच्या फळीवर. त्यांनी विचारलं, "हे हितं कुणी ठेवलं?" म्या म्हणलं, "जागा न्हाई तिकडं." त्या "हं" म्हणल्या. दुसऱ्या दिवशी समू त्यांच्या पायाशी बसलेली, हातभर मलम घेऊन, आन् म्हणायलीय, "आज्जे, घासायचं न्हाई. टिपायचं." आन् आत्याबाई, ज्यांचा आवाज शेतापस्तोर जातंय, मुकाट पाय पुढं करून.

यंदा येळवस जवळ आली तशी माझी झोप उडाली. समूला कुणीतरी सांगितलेलं की हात तिनं घालायचा. ती दिवसभर रिकाम्या तांब्यात हात घालून अंगणात शिंपडत फिरायची, कोंबड्यांवर बी. मला "नको" म्हणायचं होतं. म्या ह्यांना म्हणलं, "यंदा राहू द्या ना." ते म्हणले, "तू ठरव." म्या पंधरा दिवस तिचे हात असे जपले, की काय सांगू. हरभऱ्यात जाऊ दिलं न्हाई, सकाळी त्याच्या पानावर आंबट दवाची आंब असती, ती पायाला लागली तर मोठ्या माणसाला चुणचुणतंय. नखं कापली. पाच दिवस ऱ्हायले तवा उजव्या अंगठ्याला एक चीर दिसली, केसाएवढी. मी दिवसातून दहादा मलम लावलं त्या एका अंगठ्याला. चौथ्या दिवशी बुजली. मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार, अंगठा बुजला म्हणून?

येळवशीच्या सकाळी बिंदगं आत्याबाईनं डोक्यावर घेतलं. कोप तीच, चुना ताजा, हरभऱ्याचा वास. काशीमावशी आल्या, कडंला बसल्या. म्या समूचे दोन्ही हात उन्हात धरले, बोटं फाकवून, एक एक बघितलं. मनगटावर एक चट्टा हाय अजून, डाग हायेत, कोपर खरखरीत हाय. पण चीर न्हाई. एक बी न्हाई.

"काय बघायलीस एवढं?" आत्याबाई म्हणल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "समे, ये हिकडं. पहिला हात तुझा."

आन् बिंदगं त्यांनी स्वतः धरलं.

समूनं माझ्याकडं बघितलं. तिला गेल्या वर्षीचं आठवत असंल का, मला माहीत न्हाई. मला आठवत होतं तेवढं दोघींना पुरेल. तिनं मनगटापस्तोर हात घातला. समूचं तोंड मी बघत होते, भिवई, ओठ, कुठं वाकडं होतंय का.

"गार हाय," ती म्हणली.

आन् ओंजळ भरून ज्वारीवर फेकली, अर्धी बापाच्या सदऱ्यावर. मग बापाच्या पुढं पळत सुटली, बांधाच्या कडंनं, आज्याचं धोतर स्वेटरखालून लोंबायलेलं, प्रत्येक पावलाला ओरडत, "आई, चरचरत न्हाई! आई, चरचरत न्हाई!" फेरी झाली तवा बिंदग्यात थोडी उरलती. आत्याबाईनं त्यातच गिलास बुडवला, सगळ्यांच्या देखत, एका दमात प्याल्या, मिशा पुसल्यागत तोंड पुसलं. दुसरा गिलास भरून काशीमावशीच्या समोर धरला.

"घ्या. माझ्या नातीच्या हातची हाय."

मावशीनं गिलास घेतला. एकदा समूकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. प्याल्या. "लसूण मोप पडलाय," म्हणल्या, "पण चांगली झालीय. अजून दे."

डॉक्टरीणबाईनं घ्यायला सांगितलेला श्वास म्या तवा घेतला.